एक्सप्लेनर : प्लगच्या भोकात माती भरणारी माशी आणि तिच्या नातलगांमागे आयुष्य घालवणारा मास्तर

डिजिटल डेस्क, जळगाव

प्लग आत जात नाही म्हणून वाकून पाहावे, तर बोर्डाच्या भोकात माती. खिडकीच्या स्लायडिंगच्या खाचेत माती, जुन्या कुलपाच्या भोकात माती, भिंतीत खिळा मारून काढलेल्या छिद्रातही माती. नशिराबाद, भादली, आसोदा पट्ट्यातल्या घरांना हे नवे नाही. कोणीतरी स्क्रू ड्रायव्हर आणतो, माती उकरतो, आतून पिवळट भुकटी आणि कधी एखादी पांढरी अळी खाली पडते. झाडू मारला की विषय मिटतो.

ही माती वाऱ्याने येत नाही. ती कोणीतरी तोंडात धरून, गोळी-गोळी करून आणलेली असते. हे काम करणाऱ्या माश्यांच्या एका युरोपीय नातलगाकडे फ्रान्समधल्या एका गरीब शाळामास्तरचे लक्ष गेले आणि पुढची सुमारे सत्तर वर्षे ते तिथून फारसे हललेच नाही. त्यांचे नाव ज्याँ-आन्री फाब्र. जन्म १८२३, मृत्यू १९१५. कीटकांच्या वागणुकीचा अभ्यास आज ज्या पद्धतीने होतो, तिचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव घेतात. जपानमध्ये तर शाळकरी मुलांनाही हे नाव माहीत असते. आपल्याकडे मात्र फारसे नाही.

ही माशी नेमकी कोणती?

मधमाशी म्हटले की आपल्याला पोळे, राणी, कामकरी आणि डंख आठवतो. पण जगातल्या बहुतेक जातींच्या मधमाश्या पोळे करतच नाहीत. त्या एकट्या राहतात. मादी एकटीच घर बांधते, एकटीच परागकण आणि मकरंद साठवते, त्यावर एक अंडे घालते, खोली बंद करते आणि पुढची खोली सुरू करते. तिला राणी नाही, नोकर नाही. पोळ्याचे रक्षण करायचे नसल्याने ती सहसा डंखही मारत नाही.

यातल्या काही माश्या घरासाठी माती वापरतात. त्यांना गवंडी माश्या म्हणू. फाब्र यांनी पाहिलेली गवंडी माशी नदीकाठच्या गोल गोट्यांवर उघड्यावर घर बांधायची. आपल्याकडची तिची एक बहीण, शास्त्रीय नाव मेगाकायली लॅनाटा, आयते भोक शोधते आणि आत मातीच्या खोल्या करते. छातीवर तांबूस लव, पोटावर फिकट पट्टे. ओळखायची सोपी खूण म्हणजे ती परागकण पायांवर न आणता पोटाखालच्या केसांच्या ब्रशवर आणते. उडत आली आणि पोट पिवळे दिसले, तर तीच. भारतातून ही माशी जहाजांबरोबर कॅरिबियन बेटे, हवाई आणि फ्लोरिडापर्यंत पोहोचली आहे. तिथेही भोके बुजवण्याचा उद्योग चालूच आहे.

फाब्र कोण होते?

दक्षिण फ्रान्समधल्या सँ-लेओं या डोंगराळ खेड्यात, डिसेंबर १८२३ मध्ये जन्म. घरात पैसा नाही, पुस्तके नाहीत. लहानपणाची काही वर्षे आजी-आजोबांकडे, गुराढोरांत गेली. वडिलांनी गाव सोडून रोदेझ शहरात कॅफे चालवून पाहिला, तो चालला नाही. मग दुसरे शहर, तिसरे शहर. फाब्र शाळेची फी माफ व्हावी म्हणून तिथल्या प्रार्थनागृहात सेवा करत. पुढे तेही संपले. किशोरवयात त्यांनी जत्रेत लिंबे विकली, रेल्वेच्या रुळांच्या कामावर मजुरी केली.

आविन्यों शहरातल्या अध्यापक विद्यालयाची शिष्यवृत्ती परीक्षा त्यांनी दिली आणि ती मिळाली. जेवण आणि राहण्याची सोय झाली, हे त्यात सर्वात महत्त्वाचे. अठराव्या वर्षी ते कार्पांत्रा गावात शिक्षक झाले. पगार वर्षाला ७०० फ्रँक. वर्गात ओल, बाके मोडकी, मुले खेड्यातली आणि काही तर मास्तरांच्याच वयाची.

गोट्यावरचा मध कोणी दाखवला?

पोरांनी. या कथेतला हा भाग सगळ्यात गोड आहे, दोन्ही अर्थांनी.

फाब्र मोजणी शिकवत. साखळी, खुंट्या, झेंडे, कोन मोजायचे यंत्र. ज्यांनी सिव्हिलचा सर्व्हे कॅम्प केला आहे त्यांना हे दृश्य समजावून सांगायला नको. हंगाम चांगला असला की आठवड्यातून एकदा वर्ग गावाबाहेरच्या माळावर जायचा. माळ म्हणजे आपल्याकडच्या बरड जमिनीसारखाच : पीक नाही, गोटेच गोटे, मधून रानटी ओव्यासारखी वास येणारी झुडपे. एखाद्या मुलाला खुंटी रोवायला दूर पाठवावे, तर तो वाटेतच थांबायचा, वाकायचा, एक गोटा उचलायचा. दुसऱ्याला पाठवले तर त्याचेही तेच. खुंटी हातात आणि लक्ष गोट्यांत.

फाब्र यांनी जाऊन पाहिले. गोट्यावर वाळलेल्या मातीचा एक गोळा चिकटलेला होता. मुले तो फोडत, आतल्या खोल्यांत गवताची पोकळ काडी घालत आणि मध ओढून पीत. मास्तरांनीही चाखला. चव थोडी उग्र, पण वाईट नाही. मग ते मुलांबरोबर गोटे शोधू लागले आणि मोजणीचा तास बराचसा तिकडेच गेला.

माशी देखणी होती : काळ्या मखमलीसारखे अंग, गडद जांभळे पंख. तिचे नाव काय, हे फाब्र यांना माहीत नव्हते. गावातल्या पुस्तकांच्या दुकानात कीटकांवरचा एक जाडजूड सचित्र ग्रंथ होता. त्याची किंमत त्यांच्या महिन्याच्या पगाराएवढी. त्यांनी तो घेतला. त्या महिन्यात घर कसे चालले असेल, याची कल्पना पगारदाराला करता येईल. पुस्तकात माशीचे नाव सापडले आणि तिच्याबद्दल शंभर वर्षांपूर्वी रेओम्यूर नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने लिहून ठेवल्याचेही कळले. पण जे लिहिले होते त्यापेक्षा पाहण्यासारखे अजून पुष्कळ उरले आहे, हे फाब्र यांच्या ध्यानात आले.

माशीचे सिमेंट कसे बनते?

नशिराबादला सिमेंट सांगायला नको. गावाजवळ सिमेंटचा कारखानाच आहे. तिथे क्लिंकर दळून सिमेंट तयार होते. क्लिंकर बनवायला चुनखडी आणि माती भट्टीत सुमारे १४५० अंशांपर्यंत तापवावी लागते. पाणी घातले की त्यातल्या कॅल्शियमच्या संयुगांची रासायनिक क्रिया होते आणि ते घट्ट होते.

गवंडी माशीकडे भट्टी नाही. कच्चा माल मात्र जवळपास तोच, चुना असलेली माती. फाब्र यांनी पाहिले की ती जवळची ओली, मऊ माती सोडून देते आणि लोकांच्या पायांनी, गाड्यांच्या चाकांनी कठीण झालेली कोरडी वाट निवडते. तिथे जबड्याने खरवडून पीठ काढते आणि त्यात स्वतःची लाळ कालवते. ओली माती सोपी असताना कोरडी का? फाब्र यांचा तर्क असा की आधीच पाण्याने भरलेल्या मातीत लाळ मुरणार नाही. कोरडे पीठ लाळ ओढून घेते, म्हणून लवकर आणि घट्ट बसते. काँक्रीटच्या कामात पाण्याचे प्रमाण चुकले तर काय होते, हे साइटवर उभे राहिलेल्या कोणालाही पटेल.

त्या मालाची छोटी गोळी तोंडात धरून ती गोट्यावर येते आणि गोल भिंत चढवत जाते. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, माल ओला असतानाच, ती बारीक खडे एकेक करून दाबून बसवते. खडे घातल्याने माल कमी लागतो. आतली बाजू मात्र गुळगुळीत, कारण तिथे अळी राहणार. आपण काँक्रीटमध्ये खडी घालतो त्यामागचा हिशेबही काही अंशी हाच आहे.

एक खोली दोन-तीन सेंटिमीटर उंच. ती पुरी झाली की मकरंद आणि पराग आणायचे, कालवायचे, अर्धीअधिक भरायची, अंडे घालायचे, वर झाकण. मग शेजारी दुसरी. अशा सहा ते दहा खोल्या झाल्या की सगळ्यांवर मिळून एक जाड थर. शेवटी गोट्यावर अर्ध्या संत्र्याएवढा घुमट दिसतो. तो फोडायला सुरी लागते. पावसाने तो विरघळत नाही, वर्षानुवर्षे टिकतो आणि पुढच्या पिढ्यांतल्या माद्या तोच डागडुजी करून वापरतात. नर या बांधकामात कुठेच नसतो.

मग नोकरी का गेली?

फाब्र यांनी शिकवता शिकवता गणित आणि भौतिकशास्त्राच्या पदव्या मिळवल्या. १८४९ मध्ये कॉर्सिका बेटावर भौतिकशास्त्राचे शिक्षक झाले. तिथे आलेल्या मोकँ-तांदाँ या वनस्पतिशास्त्रज्ञाने एकदा जेवणाच्या टेबलावर, शिवणाच्या साध्या साधनांनी गोगलगाय उघडून दाखवली आणि गणित सोडून जीवसृष्टीकडे वळायचा सल्ला दिला. मलेरियाच्या तापाने बेट सोडावे लागले. १८५३ पासून आविन्योंच्या शाळेत.

भुंगेरे पकडणाऱ्या एका गांधीलमाशीवरचा त्यांचा पहिला मोठा निबंध १८५५ चा. तोपर्यंत समजूत होती की गांधीलमाशी शिकार मारते आणि ती सडू नये म्हणून काहीतरी औषध भरते. फाब्र यांनी दाखवले की शिकार जिवंत असते. नेमक्या मज्जागाठीवर डंख मारून तिला फक्त लुळे केलेले असते, म्हणून अळीला ताजे अन्न मिळते. या कामाला फ्रेंच विज्ञान अकादमीचे पारितोषिक मिळाले. चार वर्षांनी आलेल्या डार्विन यांच्या प्रसिद्ध ग्रंथातही फाब्र यांच्या निरीक्षणांचा दाखला आला.

पण पगार तोच. वाढते कुटुंब, शिकवण्या, रात्री अभ्यास. पैशासाठी त्यांनी मंजिष्ठेच्या मुळांतून शुद्ध लाल रंग काढायची रीत शोधली. त्या भागात मंजिष्ठेची शेती मोठी होती, सैनिकांच्या विजारीही त्याच रंगाच्या. काम जमत आले आणि जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८६८ मध्ये तोच रंग प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या बनवला. शेतीही बुडाली, फाब्र यांची आशाही. याच काळात, १८६५ मध्ये, रेशीमकिड्यांच्या रोगावर उपाय शोधायला आलेले लुई पाश्चर त्यांच्या दारी आले होते. कोशाच्या आत काय असते हेही पाश्चर यांना तेव्हा ठाऊक नव्हते. ते फाब्र यांनी दाखवले. जाताना पाश्चर यांनी त्यांचे मद्याचे तळघर पाहण्याची इच्छा व्यक्त केली. फाब्र यांच्याकडे तळघर नव्हते. स्वयंपाकघरात एका मोडक्या खुर्चीवर ठेवलेला एक बुधला होता. त्यांनी तो दाखवला.

शिक्षणमंत्री व्हिक्टर द्युरुई यांना हा मास्तर आवडला. त्यांनी फाब्र यांना पॅरिसला नेऊन सन्मानपदक दिले, सम्राटाची भेट घडवली. मुलींनाही शास्त्र शिकवावे, हा द्युरुई यांचा आग्रह होता. फाब्र यांनी आविन्योंमध्ये रात्रीचे मोफत वर्ग घेतले आणि त्यात मुलीही येऊ लागल्या. त्यांनी समोर फूल धरून पराग म्हणजे काय, फळ कसे धरते, हे सांगितले. माशी फुलावर कशाला जाते हे सांगायचे तर दुसरे काय सांगणार? गावातल्या सनातनी मंडळींना हे अश्लील वाटले. दबाव इतका वाढला की त्यांच्या घरमालकिणींनी, दोन वयस्क धार्मिक बहिणींनी, महिनाभरात घर रिकामे करायला लावले. ही गोष्ट १८७० ची. मुलींना शिकवतात म्हणून जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांना पुण्यात १८४९ मध्ये घर सोडावे लागले होते, हे वाचकांना आठवेलच.

फाब्र यांनी नोकरी सोडली. करारपत्र नाही, शिल्लक नाही, पाच मुले आणि त्यात फ्रान्स-जर्मनी युद्ध सुरू. तेव्हा मदतीला आले इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल. पत्नीची कबर आविन्योंला असल्याने ते तिथे येऊन राहत आणि फाब्र यांच्याबरोबर वनस्पती गोळा करत. त्यांनी कुठलाही कागद न लिहून घेता ३००० फ्रँक उसने दिले. फाब्र यांनी ते पुढे पूर्ण फेडले.

पोट कशावर भरले?

क्रमिक पुस्तकांवर. ओरांज गावाजवळ राहून फाब्र यांनी मुलांसाठी ढिगाने पुस्तके लिहिली : अंकगणित, रसायन, आकाश, शेती, घरकाम. ती शाळांत चालली आणि घर सावरले. १८७७ मध्ये मुलगा ज्यूल सोळाव्या वर्षी गेला. कीटकांच्या मागे वडिलांबरोबर सगळ्यात जास्त फिरलेला मुलगा तोच होता. फाब्र यांनी काही गांधीलमाश्यांना त्याचे नाव दिले आणि आपल्या मोठ्या ग्रंथाचा दुसरा खंड त्यालाच अर्पण केला.

त्या ग्रंथाचा, कीटकांच्या आठवणींचा, पहिला खंड १८७९ मध्ये आला. त्याच वर्षी घरमालकाने दारासमोरची झाडांची रांग छाटून टाकली. फाब्र चिडले आणि त्यांनी जवळच्या सेरिन्यां गावात सुमारे एक हेक्टर पडीक जमीन आणि घर विकत घेतले. वय ५५ च्या पुढे. त्या भागात अशा गोटाळ, ओसाड जमिनीला आर्मास म्हणतात. हेच नाव त्यांनी घराला ठेवले. कोणाला नको असलेली जमीन त्यांना हवी होती, कारण नांगर न लागलेल्या जमिनीतच त्यांच्या माश्या होत्या. कुंपणाची भिंत बांधायला गवंडी आले, दगड-वाळूचे ढीग पडले आणि काम रेंगाळले. तेवढ्यात गवंडी माश्यांनी दगडांच्या फटीत मुक्काम टाकला. शेवटी माणसे गवंडी कामावर परतली आणि माश्यांना हलावे लागले.

डब्यात घालून गरगर फिरवले, तरी घरी कशी आली?

फाब्र यांच्या पहिल्या खंडात एक प्रयोग होता. गवंडी माश्यांना घरट्यावरून पकडायचे, गोंदात कालवलेल्या खडूचा ठिपका लावायचा, कागदाच्या बंद पुंगळीत घालून काही किलोमीटर दूर नेऊन सोडायचे. त्या परत येत. वाट पाहिलेली नसताना कशा?

हा खंड वाचून डार्विन यांनी १८८० च्या सुरुवातीला त्यांना पत्र लिहिले. वय सत्तरीचे, पण कुतूहल शाबूत. त्यांनी सुचवले की माशीला आधी उलट दिशेला न्यावे, तिथे डबा गरगर फिरवावा आणि मग भलत्या दिशेला नेऊन सोडावे. वळणे मनात मोजून ती घर शोधत असेल तर फिरवल्यावर गोंधळेल. त्या भागातल्या खेडुतांची समजूतही अशीच होती. मांजर लांब सोडायचे तर पोत्यात घालून आधी फिरवायचे, म्हणजे ते परत येत नाही. आपल्याकडेही मांजर पोत्यात घालूनच सोडतात. ते परत येते, हा भाग वेगळा.

१८८० च्या मे महिन्यात फाब्र यांनी डबा दोरीला बांधला आणि रस्त्यावर गोफणीसारखा फिरवला. थोडे चालून पुन्हा. एक म्हातारा गृहस्थ चौकात उभा राहून डबा गरगर फिरवतो आहे, हे पाहणाऱ्या गावकऱ्यांना काय वाटले असेल ते वाटो. सुमारे तीन किलोमीटरवर माश्या सोडल्या. घरी शेडखाली एक मुलगी घड्याळ घेऊन घरट्यांवर नजर ठेवून बसली होती. ठिपकेवाल्या माश्या येऊ लागल्या. काहींच्या पोटाला तर पराग लागलेला. म्हणजे वाटेत फुलांवर थांबून, काम करत करत त्या घरी आल्या होत्या.

अनेकदा करून, दिशा बदलून, मध्ये जंगल आणि टेकडी ठेवूनही निकाल जवळपास तोच आला. शंभरातल्या तीस-चाळीस परत येत. न फिरवलेल्यांचे प्रमाणही साधारण तेवढेच. बाकीच्यांत हाताळताना इजा झालेल्या किती, हे मोजणे कठीण. डार्विन यांनी चुंबकाचाही प्रयोग सुचवला होता, तो फाब्र यांनी केला. माशीच्या पाठीवर बारीक चुंबकित सुई चिकटवली, माशी सैरभैर झाली. मग त्यांनी सुईच्या जागी साधा गवताचा तुकडा लावून पाहिला, तर माशी तशीच सैरभैर. म्हणजे दोष चुंबकाचा नव्हता, पाठीवरच्या ओझ्याचा होता. हा दुसरा, गवताच्या तुकड्याचा प्रयोग करायचे सुचणे, यातच फाब्र यांची सगळी शिस्त दिसते. आजच्या भाषेत याला कंट्रोल म्हणतात आणि त्याविना कोणताही निष्कर्ष मान्य होत नाही. एप्रिल १८८२ मध्ये डार्विन गेले आणि हा संवाद थांबला.

त्याच १८८० मध्ये नशिराबादपासून जवळच्या आसोद्यात बहिणाबाई चौधरींचा जन्म झाला. या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण सुगरणीचा खोपा एवढ्या बारकाईने पाहणारी नजर या मातीतही होती, एवढे सांगायला हरकत नाही.

माश्यांना घर कसे सापडते, याचे उत्तर फाब्र यांना मिळाले नाही. पुढे कार्ल फॉन फ्रिश आणि इतरांच्या कामातून कळले की मधमाश्या सूर्याची दिशा आणि आकाशातल्या प्रकाशाचे ध्रुवीकरण वापरतात. शिवाय बाहेर पडताना घराभोवती घिरट्या घालून परिसरातल्या खुणा पाठ करतात.

इतकी हुशार, मग भोक का बुजवत नाही?

हा फाब्र यांचा दुसरा मोठा प्रयोग आणि माझ्या मते पहिल्यापेक्षा जास्त अस्वस्थ करणारा.

माशी भिंत बांधत असताना त्यांनी भिंतीला भोक पाडले. तिने लगेच ते बुजवले. साहजिकच. मग दुसऱ्या माशीची खोली बांधून झाल्यावर, ती मध आणायच्या टप्प्यात असताना, त्यांनी खाली भोक पाडले. मध गळू लागला. माशी येत राहिली, मध ओतत राहिली, तो गळत राहिला. माती आणायचे तिला माहीत होते, थोड्याच वेळापूर्वी ती तेच करत होती. तरी तिने भोक बुजवले नाही. नेहमीइतक्या फेऱ्या झाल्यावर तिने जवळपास रिकाम्या खोलीत अंडे घातले आणि वर व्यवस्थित झाकण बसवले.

आणखी एक. खोलीतून बाहेर पडणारी तरुण माशी दगडासारखे कठीण झाकण कुरतडते. झाकणाला कागद चिकटवला तर तोही कुरतडते. पण तोच कागद थोडे अंतर सोडून टोपीसारखा ठेवला, तर ती झाकण फोडून बाहेर येते आणि त्या पातळ कागदाखाली मरून जाते. कुरतडायचे काम एकदाच करायचे होते, ते झाले.

घरट्याचा गोटाच एक-दोन मीटर सरकवला, तर परतणारी माशी जुन्या जागी शोधत राहते आणि शेजारी ठेवलेल्या स्वतःच्या घराला ओळखत नाही. त्या जागी दुसरीचे घर ठेवले तर ते आपलेच मानून कामाला लागते.

फाब्र यांनी यातून काढलेला निष्कर्ष असा की उपजत प्रेरणा ही ठरलेल्या क्रमाची साखळी आहे. एक पायरी संपली की मागे जाता येत नाही. कोड लिहिणाऱ्याला हे ओळखीचे वाटेल : प्रोग्राम उत्तम चालतो, पण मागची पायरी पुन्हा तपासायची सूचनाच त्यात नाही.

इथून पुढे मात्र फाब्र घसरले, असे म्हणावे लागते. इतकी अचूक साखळी हळूहळू घडणे शक्य नाही, ती पहिल्यापासून पूर्णच असली पाहिजे, असे ते मानत. डार्विन यांचा आदर त्यांनी कायम केला, पण उत्क्रांती शेवटपर्यंत मान्य केली नाही. शिवाय पुढच्या अभ्यासकांना गांधीलमाश्यांच्या डंखात आणि वागण्यात फाब्र यांनी लिहिल्यापेक्षा जास्त फरक आढळले. त्यांची निरीक्षणे टिकली, त्यांवरचा काही अर्थ टिकला नाही.

कीर्तनातली माशी आणि घरातली माशी

आपल्या भिंतीवर दिसणारा मातीचा प्रत्येक गोळा मधमाशीचा नसतो. उघड्या भिंतीवर, फोटोच्या मागे मडक्यासारखे किंवा नळीसारखे घर असेल तर ते बहुधा कुंभारीण गांधीलमाशीचे किंवा तिच्या भाऊबंदांचे. त्यात पराग नसतो, अळ्या किंवा कोळी असतात, लुळे करून ठेवलेले.

कीर्तनातला कीटक-भृंग न्याय याच माशीवरून आला. ती अळी पकडून मातीच्या घरात कोंडते, भोवती गुणगुणते, अळी तिच्या ध्यासाने तिच्यासारखीच होते आणि एक दिवस पंख फुटून बाहेर पडते. दाखला भक्तीचा आहे आणि त्या जागी तो सुंदर आहे. निरीक्षणही अर्धे खरे आहे : आत अळी जाते, बाहेर माशी येते. मधली पायरी फाब्र यांनी कुंभारणीच्या घराला खिडकी पाडून पाहिली. तिचे अंडे छताला एका बारीक धाग्याने लोंबकळत असते. खालच्या अर्धवट लुळ्या अळ्यांची वळवळ त्याला लागू नये म्हणून. अंड्यातून निघालेले पिल्लू वरूनच लटकून खायला सुरुवात करते. बाहेर पडते ते हे पिल्लू.

भोकात राहणाऱ्या आपल्या गवंडी माशीकडे आता वेगळ्या नजरेने पाहायला एक व्यवहारी कारणही आहे. या गटातल्या माश्या तुरीच्या फुलांवर नेहमी येतात. तुरीचे फूल बरेचसे स्वतःच फळते, पण एका झाडाचा पराग दुसऱ्यावर नेण्याचे काम माश्याच करतात. संकरित तुरीच्या बियाण्यासाठी तर त्यांच्याशिवाय गत्यंतर नाही. खान्देशात कपाशीत तुरीच्या ओळी लावणाऱ्यांनी डिसेंबरच्या आसपास सकाळी उभे राहून फुले पाहावीत, पिवळ्या पोटाची माशी दिसेल.

घरात भोक बुजलेले दिसले तर आधी झाकण पाहा. ते अखंड असेल तर आत कोणीतरी आहे. गोल भोक पडलेले असेल तर राहणारी निघून गेली, माती काढायला हरकत नाही. बोर्डातली माती उकरण्याआधी मेन स्विच बंद करणे आलेच. भोके मोकळी हवी असतील तर प्लगला झाकण लावा आणि बाहेर छपराखाली बांबूचे एका बाजूने बंद असलेले तुकडे आडवे टांगा. अशा आयत्या भोकांत ती आनंदाने राहते.

शेवटची वर्षे

आर्मासमध्ये फाब्र ३६ वर्षे राहिले. पहिली पत्नी १८८५ मध्ये गेली. दोन वर्षांनी त्यांनी दुसरे लग्न केले, तेव्हा ते ६३ वर्षांचे आणि पत्नी २३ वर्षांची. गावात बोलले गेलेच. त्यांना आणखी तीन मुले झाली. ग्रंथाचा दहावा खंड १९०७ मध्ये आला. क्रमिक पुस्तकांचा खप कधीच ओसरला होता आणि म्हातारपणी पुन्हा चणचण आली. १९१० मध्ये चाहत्यांनी त्यांचा सत्कार घडवला, तेव्हा कुठे देशाला हा माणूस अजून जिवंत असल्याचे कळले. साहित्याच्या नोबेलसाठी त्यांचे नाव सुचवले गेले, मिळाले नाही. १९१३ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष पोंकारे स्वतः दारी आले. तोवर चालणे थांबले होते, दृष्टी गेलेली होती. ११ ऑक्टोबर १९१५ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी, पहिले महायुद्ध सुरू असताना ते गेले.

आर्मास आज फ्रान्सच्या राष्ट्रीय निसर्गविज्ञान संग्रहालयाच्या ताब्यात आहे आणि लोकांना पाहता येते. त्यांच्या खोलीत एक अगदी लहान टेबल आहे, मोठ्या रुमालाएवढे. बहुतेक लिखाण त्यावर झाले.

गोट्यावर घर बांधणारी ती काळी-जांभळी माशी मध्य युरोपातल्या बऱ्याच भागांतून नाहीशी झाली आहे. जर्मनीत ती नष्ट होण्याच्या मार्गावरच्या यादीत आहे. गोटाळ माळ सपाट झाले, कच्च्या वाटांवर डांबर आले, रानफुले कमी झाली. तिला लागणारी चुनखडीची धूळ, मोठे दगड आणि फुले एका उडीच्या टप्प्यात मिळणारी जागा आता फार थोडी उरली आहे. आपली भोकात राहणारी माशी अजून तरी तितकी अडचणीत नाही. तिला प्लगचे भोकही चालते.